'गॅस संपलाय' म्हणणाऱ्याला काय विचारायचं? एसी, गीझर आणि आपला मिस्त्री

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवलाय.)



आज विषय आहे घरातल्या गारव्याचा आणि घरातल्या उबेचा. म्हणजे एसी, कूलर आणि गीझर. आता तुम्ही म्हणाल, कोणती कंपनी चांगली ते सांगा की. ते मी सांगणार नाही, कारण त्यासाठी दुकानात माणसं बसलेली आहेत. मी बोलणार आहे त्या माणसाबद्दल, जो हे यंत्र तुमच्या भिंतीवर बसवतो आणि दोन वर्षांनी दुरुस्त करायला येतो. आपण मशीन घेताना चार दुकानं फिरतो, हप्ता किती, सूट किती, सगळं बघतो. आणि बसवायला कोण येणार? तर "दुकानदार पाठवील की कुणाला तरी." हे 'कुणाला तरी' आपल्याला महागात पडतं. कधी पैशात पडतं, आणि गीझरच्या बाबतीत कधी जिवावर बेततं. त्यावर शेवटी बोलणारच आहे, तो भाग अजिबात सोडू नका.

आधी आपलं कोल्हापूर

आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. विदर्भासारखी भाजून काढणारी उष्णता आपल्याकडं नाही. एप्रिलमध्ये पारा अडतिशीच्या आसपास जातो, एखाद्या दिवशी चाळिशी गाठतो, मग एक वळीव येतो आणि संध्याकाळ गार होते. जून ते सप्टेंबर मात्र हवेत इतका ओलावा की वाळत घातलेले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, कूलर आपल्याकडं मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारीच चालतो. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. हवाच ओली असेल तर वाफ होणार कशी? म्हणून वळीव पडून गेल्यावर "कूलर बिघडलाय" म्हणून मिस्त्रीला बोलवू नका. तो बिघडलेला नसतो, हवा दमट झालेली असते. दोन, एसी आपल्याला वर्षातून जेमतेम तीन महिने लागतो. नऊ महिने बंद राहिलेल्या यंत्राच्या तक्रारी वेगळ्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या धुण्यापुसण्यानं सुटतात. आणि तीन, गरम पाणी मात्र बाराही महिने लागतं. म्हणजे खरी रोजची सेवा गीझरची, पण आपण सगळी चर्चा एसीची करतो.

किती टनाचा? हे घरी येऊन बघणाऱ्यालाच विचारा

फोनवरच "दीड टन घ्या, डोळे झाकून घ्या" म्हणणारा माणूस टाळा. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद. दहा बाय बाराच्या खोलीला, खाली-वर दुसरे मजले असतील तर एक टन सहसा पुरतो. तीच खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल, स्लॅब दिवसभर तापत असेल, पश्चिमेला मोठी खिडकी असेल, तर हिशेब बदलतो. मंगळवार पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरातली खोली आणि नव्या अपार्टमेंटच्या टेरेसखालचा फ्लॅट, दोघांचं क्षेत्रफळ सारखं असलं तरी टन सारखा नाही.

चांगला माणूस येतो, टेप लावतो, खिडकी कुठं आहे बघतो, वर काय आहे विचारतो. आणि मुख्य म्हणजे तुमचा मीटर आणि वायरिंग बघतो. एसीला स्वतंत्र लाइन हवी, तिला स्वतःचा एमसीबी हवा, आणि अर्थिंग नुसतं तीन पिनांच्या प्लगमध्ये नको, खरं जमिनीपर्यंत गेलेलं हवं. हॉलच्या टीव्हीच्या पॉइंटवरून एसी चालवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

बिलाचाही विचार आधी करा. रात्री आठ तास चाललेला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी सहज सहा युनिट खातो. महिन्याला झाले १८०. तुमचं घर आधी १५० युनिटमध्ये बसत असेल तर आता ३३० झालं. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो, आणि वरच्या टप्प्यातलं युनिट चांगलंच महाग पडतं. २४ अंशांवर ठेवून पंखा लावला, तर १८ वर ठेवण्यापेक्षा वीज कमी जाते. २०२० पासून येणाऱ्या नव्या एसींमध्ये सुरुवातीचं तापमान २४ च ठेवायचं, असा सरकारी नियम आहे, तो उगीच नाही.

बसवताना खुर्ची टाकून समोर बसा

काम चालू असताना आपण स्वयंपाकघरात जातो. जाऊ नका. तासभर समोर बसा. तज्ज्ञ असायची गरज नाही, चार गोष्टी दिसल्या की पुरे.

पहिली, व्हॅक्यूम पंप. आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणाऱ्या तांब्याच्या नळीत हवा आणि ओलावा असतो. तो पंप लावून बाहेर ओढून काढावा लागतो, त्याला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. घाईतला माणूस काय करतो? मशीनमधलाच थोडा गॅस सोडून त्यानं हवा बाहेर ढकलतो. दोन मिनिटांत काम खलास. पण गॅस तुमचा गेला, ओलावा आतच राहिला, आणि त्याची झळ पुढं कॉम्प्रेसरला बसते. म्हणून फोनवर ठरवतानाच विचारा, "दादा, व्हॅक्यूम पंप आणणार ना?" या एका प्रश्नावर अर्धी माणसं गळतात.

दुसरी, पाण्याच्या नळीचा उतार. एसीतून पाणी गळतंय ही तक्रार बहुतेक वेळा उतार चुकल्याची किंवा नळीत घाण अडकल्याची असते. तिसरी, बाहेरच्या युनिटला मोकळी हवा. चोरी होईल म्हणून आपण त्याला जाळीत कोंडतो, वर पत्रा ठोकतो. ज्यानं घरातली उष्णता बाहेर टाकायची, त्याचाच श्वास कोंडला तर तो काय करणार?

चौथी गोष्ट माणुसकीची. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या सज्जावर उभं राहून, एका हातानं ग्रील धरून पोरं हे काम करतात. कंबरेला पट्टा नसतो. आपण आतून म्हणतो, "जपून रे." नुसतं जपून म्हणून काही होत नाही. सेफ्टी बेल्ट आणायला सांगा, त्याचे दोनशे-चारशे जास्त लागले तर द्या, आणि बेल्ट नसेल तर त्या दिवशी काम थांबवा. आपल्या गारव्यासाठी कुणाच्या घरचा पोरगा खाली पडू नये.

'गॅस संपलाय, भरावा लागेल'

आता मूळ मुद्दा. मार्च संपत आला की घरोघरी हे वाक्य ऐकू येतं. एसी गार करत नाही, मिस्त्री येतो, नळीला हात लावतो आणि म्हणतो, "वहिनी, गॅस संपलाय. भरावा लागेल." दोन-तीन हजार जातात. पुढच्या मार्चला परत तेच.

मंडळी, एसीतला गॅस हा स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा नसतो. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो, बाहेर सोडतो. नळी धड असेल तर तोच गॅस मशीनच्या आयुष्यभर पुरतो. गॅस कमी झालाय याचा अर्थ एकच, कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

म्हणून गॅसचं नाव निघालं की शांतपणे तीन प्रश्न विचारायचे. "प्रेशर किती दाखवतंय?" म्हणजे त्याला मीटर लावावाच लागेल, नुसता हात लावून भागणार नाही. "गळती कुठं आहे?" सांध्यांवर साबणाचं पाणी लावून किंवा नायट्रोजनचं प्रेशर देऊन ती शोधता येते. आणि "गॅस वजनावर भरणार ना?" प्रत्येक मशीनच्या बाहेरच्या युनिटवर पाटी असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तेवढाच भरायचा. काटा न आणता अंदाजानं भरला तर जास्त झालेला गॅसही मशीनला त्रासच देतो.

पाटीवरचं नाव पण वाचा. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असतो. मधल्या काळातल्या मशीनमध्ये आर-४१०ए, आणि आताच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-३२. काही मशीनमध्ये आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन असतो. आर-२२ ओझोनच्या थराला घातक, त्यामुळं माँट्रियल कराराप्रमाणे तो टप्प्याटप्प्यानं बंद होतोय आणि त्याचा भाव चढा असतो. मग कुणीतरी म्हणतो, "दुसरा टाकतो, चालतंय." नाही चालत. आर-३२ आणि आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, तेलही वेगळं लागतं. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, प्रोपेन तर पूर्ण ज्वलनशील. ज्या मशीनसाठी जो गॅस, तोच. आणि ज्वलनशील गॅसच्या मशीनवर काम चालू असताना खिडक्या उघड्या, देवासमोरचा दिवा आणि उदबत्ती तेवढा वेळ बंद.

पण मिस्त्रीला बोलवायच्या आधी एक काम स्वतः करा. पुढचं झाकण उघडा, जाळी काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा आणि परत बसवा. उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी हे करायचं. जाळी धुळीनं भरली की हवा कमी जाते, गारवा कमी येतो, नळीवर बर्फ धरतो, आणि लक्षणं अगदी 'गॅस संपल्या'सारखीच दिसतात. खरा मिस्त्री आधी जाळी बघतो. ज्याला फक्त सिलिंडरच दिसतो, त्याचा नंबर फोनमधून काढून टाका.

पुराचं पाणी येऊन गेलं असेल तर

हा भाग खास आपल्यासाठी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूर विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा खालचा भाग, कुठं कुठं पाणी होतं ते सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर सगळ्यात मोठा मोह होतो तो बटण दाबून बघायचा. "बघू या, चालतंय का." दाबू नका. बाहेरचं युनिट बुडालं असेल तर त्याचं सर्किट बोर्ड, पंख्याची मोटर, जोडण्या, सगळीकडं गाळ गेलेला असतो. गीझर बुडाला असेल तर बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्यामधलं आवरण पाणी पिऊन बसतं, आणि वरून कोरडा दिसणारा गीझर शॉक देऊ शकतो. आधी मेन बंद, मग माणूस बोलवा, तो उघडून धुवून वाळवून तपासेल, आणि मगच वीज. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच वेळी बसवून घ्या. गळती करंट जाणवला की तो क्षणार्धात वीज तोडतो. आणि सखल भागात नवा एसी बसवत असाल तर बाहेरचं युनिट जमिनीवर ठेवू नका. तुमच्या भिंतीवरची पुराची खूण बघा, आणि ब्रॅकेट तिच्या वर ठोका.

आता गीझर. हे नीट ऐका

विजेचा गीझर असेल तर काम सोपं आहे. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण पाऊण युनिट लागतं, दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटं. त्याच्यावर दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो थेंब थेंब गळतो म्हणून काही जण त्याला बूच मारतात. असं कधीही करू नका. थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी उकळायला लागलं, तर टाकी फुटू नये म्हणून तोच व्हॉल्व्ह असतो. बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार साचतात आणि टाकीतली मॅग्नेशियमची कांडी झिजते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी टाकी उघडून साफ करायला लावा आणि कांडी दाखव म्हणा. कांडी संपली की गंज टाकीला लागतो.

सोलर असेल तर पावसाळ्यात ढगांमुळं पाणी तापत नाही, तो बिघाड नव्हे. बॅकअप काय ठेवायचं ते आधीच ठरवा.

आणि आता गॅस गीझर. स्वस्त पडतो, पाणी लगेच येतं, लाइट गेली तरी चालतो. म्हणून खूप घरात आहे. पण बाथरूममध्ये गॅस गीझर लावून माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात येतात. का होतं असं? हिशेब करून बघू. चार बाय सहाचं बाथरूम, उंची आठ फूट. त्यात हवा साधारण साडेपाच घनमीटर. गॅस गीझर पंधरा मिनिटं चालला तर नीट जळायलाच त्याला तीन घनमीटरच्या आसपास हवा लागते. थंडी म्हणून खिडकी बंद, दार बंद. हवेतला प्राणवायू कमी झाला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गळतीचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि ज्योतीत तोही जळून जातो. म्हणजे नाक काहीच सांगत नाही. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातली ताकद जाते, आणि कडी काढायला हात उचलत नाही. बाहेर घरच्यांना वाटतं, अंघोळीला वेळ लागतोय.

त्यामुळं इथं पर्याय नाही. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा ड्रायमध्ये. नळी तेवढी आत आणायची. "एक्झॉस्ट फॅन लावला की झालं" असं कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. पंखा बंद पडतो, लाइट जाते, लावायचा राहून जातो. आणि जो मिस्त्री "काकू, बाथरूममध्येच बसवतो, जवळ पडतं, पाइप वाचतो" म्हणतो, त्याच्याकडून घरातलं कुठलंच काम करून घेऊ नका. चांगला माणूस अशा वेळी काम नाकारतो. आपल्याला तोच माणूस हवाय. आजच तुमच्या घरात, आई-वडिलांच्या घरात, भाड्यानं दिलेल्या खोलीत बघा. पोरं भाड्यानं राहतात तिथं तर जरूर बघा.

कुणी आत असा बेशुद्ध सापडला तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच १०८ ला फोन करा.

मग माणूस शोधायचा कसा?

इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकून जो पहिला नंबर येईल तो फिरवू नका. खोटे 'कस्टमर केअर' नंबर भरपूर आहेत. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा मशीनच्या स्टिकरवरून घ्या. कुणी फोनवर ॲप उतरवायला लावलं, ओटीपी मागितला, तर फोन ठेवा.

वॉरंटी चालू असेल तोवर कंपनीचा माणूस. ती संपल्यावर गल्लीतला चांगला मिस्त्री बऱ्याचदा उजवा पडतो, कारण त्याला उद्याही याच रस्त्यानं जायचं असतं. उद्यमनगरनं वाढवलेलं आपलं गाव, हाताला कसब असलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत. आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स असतो, तो केलाय का विचारा. शिकलेला माणूस हा प्रश्न विचारल्यावर रागावत नाही, खूश होतो.

वार्षिक करार करणार असाल तर एक ओळ नीट वाचा, त्यात गॅस, सर्किट बोर्ड आणि कॉम्प्रेसर धरलेत का? नसतील तर तो फक्त धुण्याचा करार आहे. वर्षातून तीन महिने एसी लावणाऱ्या घराला मार्चमधली एक चांगली सर्व्हिसिंग पुरते.

आणि पावती घ्या. साधी वहीच्या कागदावर चालेल, पण तारीख, काय केलं, कोणता भाग बदलला, किती दिवसांची हमी, हे लिहून सही हवी. बदललेला जुना भाग मागून घ्या. कंपनी असो की दुकान, फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवाही येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडं करायला फी लागत नाही. पण पावतीच नसेल तर सांगणार काय?

शेवटचं एक. चांगला मिस्त्री सापडला की त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. ज्यानं काटा आणला, पंप आणला, तासभर जास्त थांबला, त्याला त्या तासाचे पैसे मिळाले पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षी तोही दोन मिनिटांत काम उरकायला शिकेल, आणि त्याला ते शिकवणारे आपणच असू.

हा भाग ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, त्यांना आजच पाठवा. बाकीच्यांना मार्चमध्ये पाठवला तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.